उच्चदाब इंधनपंप बदलल्यानंतर होणारी एंजिनची झीज

शेतमाल बाजारात नेण्यासाठी स्वतःची अथवा भागीदारीतील मोटारगाडी बाळगणारे शेतकरी आता गावोगाव आढळतात. पालघर व वसईकडील भाजीपाल्याची गाडी पश्चिम द्रुतगती महामार्गाने निघते आणि अंधेरी, वाकोला ही उपनगरे ओलांडून दादरच्या बाजारास जाते. गाडी वेळेवर पोचली नाही तर माल पडत्या भावाने विकावा लागतो. त्यामुळे गाडीची ओढ कमी झाली की मालक धास्तावतो, आणि 'मोठा पंप बसवा' हा सल्ला त्यास लगेच पटतो. जुना पंप थकलेला असल्यास नव्या पंपाने ओढ सुधारतेही. परंतु पुढे एंजिनात टकटक असा आवाज येऊ लागतो, गाळणीत धातूचा चकचकीत कीस सापडतो आणि पंपाच्या किमतीच्या कित्येक पट खर्च अंगावर पडतो. असे का होते व ते कसे टाळावे, हे प्रत्येक गाडीमालकाने समजून घेणे जरूर आहे.

इंधनाचा दाब किती वाढला

विहिरीवरील साध्या ऑईल एंजिनात नोझल दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम दाबास उघडते. एका सामाईक नळीत, म्हणजे 'रेल'मध्ये, इंधन सतत दाबाखाली ठेवण्याची 'कॉमन रेल' पद्धत १९९७ साली प्रवासी मोटारीत प्रथम आली. तीत हा दाब १,६०० किलोग्रॅमच्या घरात व काही एंजिनांत त्याहूनही वर जातो. सिलिंडरमध्ये थेट इंधन सोडणाऱ्या पेट्रोल एंजिनात तो साधारणपणे १०० ते ३५० किलोग्रॅम असतो. धूर कमी व्हावा व इंधन पूर्ण जळावे म्हणून ही वाढ करण्यात आली. १ एप्रिल २०२० पासून मोटारींना भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांनाही धुराचे अधिक कडक नियम लागू झाले. म्हणून हा विषय केवळ शहरातील मोटारींचा राहिलेला नाही; तो शेताच्या बांधापर्यंत आला आहे.

दाबाचा भार कोठे पडतो

पंपात एक दट्ट्या असतो. कॅमचा उंचवटा फिरत येऊन टॅपेटला ढकलतो, टॅपेट दट्ट्याला ढकलतो व दट्ट्या इंधन दाबतो. इंधनावर जेवढा जोर पडतो तेवढाच उलट जोर कॅमवर येतो. हा भार हिशेबाने काढता येतो. दट्ट्याचा व्यास ८ मिलिमीटर असल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे अर्धा चौरस सेंटिमीटर भरते. दाब २०० किलोग्रॅम असल्यास कॅमवर १०० किलोग्रॅमचा भार येतो. त्याच दाबास १० मिलिमीटरचा दट्ट्या बसविला तर भार १५७ किलोग्रॅम होतो. म्हणजे व्यास केवळ पावपट वाढला, परंतु भार दीडपटीहून अधिक झाला.

हा भार एखाद्या रुंद पृष्ठावर पसरत नाही. कॅम व टॅपेट एकमेकांस बारीक रेघेएवढ्याच जागी टेकतात. कॅमला तीन उंचवटे असतील व एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्टचे १,५०० फेरे होतात आणि टॅपेटवर मिनिटाला ४,५०० वेळा हा भार पडतो. शिवाय मोठा दट्ट्या जड असल्याने तो कॅमला सोडून उसळू नये म्हणून कडक स्प्रिंग घालावी लागते. दाब कमी असतानाही त्या स्प्रिंगचा ताण कॅमवर कायम राहतो.

वाकोल्याच्या पुलाजवळ गर्दीत अडकलेली गाडी सावकाश सरकते, तेव्हा 'एंजिनला आता विश्रांती आहे' असे चालकास वाटते. कॅमच्या बाबतीत तसे नसते. कॅम व टॅपेट यांच्यामधील तेलाचा थर फिरण्याच्या वेगाने तयार होतो. वेग मंदावला व तेल तापले की तो थर अगदी पातळ होतो. कडक स्प्रिंग बसविलेली असल्यास अशा वेळी धातूवर धातू घासण्याचा संभव अधिक असतो.

कोणते भाग झिजतात

पेट्रोल व डिझेल एंजिनांत येथे महत्त्वाचा फरक आहे. थेट इंधन सोडणाऱ्या पेट्रोल एंजिनात पंप बहुधा एंजिनच्या माथ्यावर असतो व एंजिनचाच कॅमशाफ्ट त्यास चालवितो. त्यामुळे पंपाचा वाढीव भार थेट एंजिनवर येतो. कॅम व टॅपेट यांचा वरचा थर कठीण केलेला असतो. तो एकदा घासून गेला की आतील मऊ धातू झपाट्याने झिजतो. सन २००५ च्या सुमारास निघालेल्या काही युरोपीय मोटारींत पंपाखालील सपाट टॅपेटला मूळ पंप असतानाही भोक पडल्याची उदाहरणे घडली. पुढील बनावटीत रूळ असलेले टॅपेट वापरण्यात आले. मूळ भारासच जो भाग कसाबसा टिकतो, त्याच्यावर दीडपट भार घातल्यास काय होईल हे सांगावयास नको.

कॉमन रेल डिझेल पंपाचा कॅम पंपाच्या पोटातच असतो व पुष्कळशा पंपांत त्यास वंगण म्हणून डिझेलच मिळते. तेथे झीज झाल्यास धातूचे कण इंधनाबरोबर रेलमध्ये व इंजेक्टरांत शिरतात, आणि एका पंपाबरोबर सर्व इंजेक्टर निकामी होतात. पंप फिरविणारी साखळी, पट्टा किंवा दंतचक्रे यांच्यावरही ताण वाढतो.

पंपाबरोबर इंधनाचे प्रमाणही वाढविले असल्यास झीज आणखी खोल जाते. न जळलेले इंधन सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढते आणि रिंगांवाटे खाली उतरून एंजिनच्या तेलात मिसळते. तेल पातळ झाले की रिंगा, लायनर, बेअरिंग व कॅम या सर्वांचे संरक्षण कमी होते.

केवळ पंप बदलून शक्ती वाढते काय

वाढत नाही. सिलिंडरमध्ये किती इंधन सोडावयाचे हे इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो व रेलमध्ये दाब किती आहे यांवर ठरते, आणि या दोन्ही गोष्टींचे नियंत्रण गाडीतील विद्युत्-यंत्रणा करते. रेलमधील दाब ठरल्याप्रमाणे राहत असेल तर मोठ्या पंपाची जादा क्षमता वापरलीच जात नाही. झिजेचा धोका मात्र पदरात पडतो. जुना पंप खरोखर दाब राखू शकत नसेल तरच तो बदलावा, आणि त्याच्या जागी त्याच मापाचा पंप बसवावा. शक्ती वाढविण्यासाठी मोठा पंप बसवावयाचा म्हणजे कॅम, टॅपेट, इंजेक्टर व नियंत्रण या सर्वांचाच विचार करावा लागतो.

इंधन व पाणी

भारत स्टेज सहाच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दर किलोग्रॅमला १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसते; पूर्वीच्या स्टेज चारमध्ये ही मर्यादा ५० होती. गंधक काढण्याच्या क्रियेत डिझेलचा मूळचा वंगणगुणही कमी होतो, म्हणून त्यात वंगणगुण देणारे द्रव्य मिसळतात. अशा डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ झाली तर पंपाचे संरक्षण नाहीसे होते. पाणी हा तितकाच मोठा शत्रू होय. दट्ट्या व त्याचे घर यांमधील फट काही सहस्रांश मिलिमीटरचीच असते. पाण्याने तेथे गंज चढला की दट्ट्या घासतो किंवा अडकतो.

२६ जुलै २००५ रोजी वाकोल्याजवळच्या सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठी नदी व तिला मिळणारा वाकोला नाला यांच्या पुरात असंख्य गाड्या बुडाल्या. पुरात उभी राहिलेली गाडी टाकी, गाळणी व एंजिनचे तेल तपासल्यावाचून सुरू करू नये. गावी पिंपात डिझेल साठविणाऱ्यांनी पावसाळ्यात पिंप झाकून ठेवावे व तळाचे डिझेल वापरू नये.

पंप बदलण्यापूर्वी

ओढ कमी होण्याची कारणे पुष्कळदा स्वस्त असतात. पुढील क्रमाने तपासणी करावी :

१. हवेची व इंधनाची गाळणी पाहावी. गाळणीतील पाणी काढावे.
२. टाकीतून इंधन पुरविणाऱ्या कमी दाबाच्या पंपाचा दाब मोजावा.
३. इंजेक्टरांतून परत जाणारे इंधन मोजावे. एखादा इंजेक्टर फार गळत असल्यास नवा पंपही दाब राखू शकत नाही.
४. गाडी ओझ्यासह चालवून रेलमधील अपेक्षित व प्रत्यक्ष दाब तपासणी-यंत्रावर पाहावा.

यानंतरही पंपच दोषी ठरला तर तो बदलताना टॅपेट काढून त्यावर खळगे, भेगा किंवा रंग बदललेली जागा आहे काय ते पाहावे; शंका असल्यास टॅपेट नवे घालावे. कॅम झिजलेला असल्यास नवा पंप त्यावर बसवू नये. जुन्या पंपात धातूचा कीस आढळल्यास टाकी, नळ्या, रेल व इंजेक्टर साफ करून तपासल्यावाचून एंजिन सुरू करू नये. डिझेल पंप इंधनाने भरून घेतल्यावाचून कोरडा फिरवू नये.

पंप बदलल्यानंतर

पहिले तेल नेहमीपेक्षा लवकर बदलावे, जुनी तेलगाळणी कापून पाहावी व तीत लोहचुंबक फिरवावा. तेलदांडीवरील पातळी वाढत असेल व तेलास इंधनाचा वास येत असेल तर गाडी थांबवून तपासावी. मात्र धुराची गाळणी असलेल्या नव्या डिझेल गाड्यांत ती गाळणी आपोआप जाळून साफ होताना थोडे इंधन तेलात उतरते. तेवढ्यावरून पंपास दोष देऊ नये.

एंजिन चालू असताना उच्चदाब नळीचा नट कदापि सैल करू नये व गळती बोटाने चाचपू नये. या दाबाची बारीक धार कातडी भेदून इंधन शरीरात घालते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ती घातक असते. रोग्यास विलंब न लावता रुग्णालयात न्यावे व काय घडले ते डॉक्टरांस सांगावे.

विहिरीवरील एंजिनासही हाच नियम लागू आहे. पंपाचे सील तोडून इंधन वाढविणे किंवा नोझलचा स्क्रू आवळून दाब वाढविणे म्हणजे कॅम व रिंगांचे आयुष्य खर्ची घालणे होय. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी 'मोजल्यावाचून बदलू नये' ही एक गोष्ट गाडीमालकांच्या मनावर बिंबविली, तर कर्ज काढून घेतलेली पुष्कळशी एंजिने अकाली मोडीत जाण्यापासून वाचतील.