दहा डब्यांचा कुत्रा

हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत. पेण तालुक्यातला हा पट्टा गणपतीच्या मूर्तींचा. कारखान्याच्या दारात कुत्रा पडलेला असतो, आत पोत्यांवर मांजर. दुपारी डबे उघडले की दोघंही उठतात. एकाकडून तांदळाच्या भाकरीचा तुकडा, दुसऱ्याकडून बांगड्याचं डोकं, तिसऱ्याकडून रश्शात बुडवलेला भात, चौथ्याकडून चहात भिजलेलं बिस्किट. कुत्रा एकाचा, डबे दहा जणांचे. त्याचं पोट बिघडलं तर कशानं बिघडलं हे कोण सांगणार? आतड्याच्या दाहावर आहाराने इलाज करायचा म्हटलं की गाडी इथेच अडते.

आधी दवाखाना

आहार बदलायच्या आधी काही गोष्टी बाजूला काढाव्या लागतात. लस न झालेलं पिल्लू मलूल झालंय, ओकतंय, रक्ताची हगवण लागलीय, तर तो पार्व्हो असू शकतो. तिथे भात-चिकन शिजवत बसू नये. जंत झालेत का, हे शी तपासून कळतं. कारखान्यात रंग, प्लास्टर किंवा दोऱ्याचा तुकडा पोटात गेला असेल, तर तेही डॉक्टरांना आधी सांगावं.

घरबसल्या एक निरीक्षण करता येतं. शी भरपूर, पातळ, दिवसातून दोन-चारदा आणि वजन उतरतंय, तर बिघाड बहुधा लहान आतड्यात. थोडी-थोडी, वारंवार, कुंथून, शेम किंवा ताजं रक्त पडतंय, तर मोठ्या आतड्यात. मांजरात मात्र हगवणीपेक्षा उलट्या आणि खंगत जाणं हीच खूण अनेकदा पुढे येते. ‘केसाचा गोळा असेल’ म्हणून लोक महिनोन्‌महिने दुर्लक्ष करतात.

दोन दिवसांचा पथ्याचा भात

एरवी धडधाकट कुत्र्याला एकाएकी जुलाब झाले तर मऊ भात आणि बिनहाडाचं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन पुरतं. दोन भाग भात, एक भाग चिकन, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. पाणी सतत समोर हवं. दोन-तीन दिवसांत शी घट्ट झाली की नेहमीचं जेवण आठवड्याभरात हळूहळू मिसळत आणायचं. मोठ्या आतड्याच्या हगवणीत इसबगोल किंवा उकडलेला लाल भोपळा बऱ्याच कुत्र्यांना मानवतो.

महिनोन्‌महिने मात्र याच भातावर ठेवू नये. त्यात कॅल्शियम फार कमी असतं, वाढत्या पिल्लाची हाडं त्यावर नीट पोसत नाहीत.

खरा इलाज: न खाल्लेलं प्रथिन

हगवण किंवा उलट्या तीन आठवड्यांच्या वर रेंगाळल्या आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर आतड्याचा जुनाट दाह धरून चालतात. अशा वेळी आतड्याचं अस्तर सुजलेलं असतं आणि शरीराची संरक्षणव्यवस्था अन्नातल्या एखाद्या प्रथिनालाच शत्रू समजत असते. अशा बऱ्याच कुत्र्यांना स्टेरॉइड लागतच नाही. अन्न बदललं की दोनेक आठवड्यांत फरक दिसतो. कातडीला खाज असेल तर मात्र आठ आठवडे थांबावं लागतं.

नवं अन्न म्हणजे या जनावराने आजवर कधीच न खाल्लेलं प्रथिन. इथे पुस्तकी यादी कामाची नाही. पोटाचे विकार असलेल्या मांजराला मासे द्या, हा सल्ला सर्रास मिळतो. पण हमरापूरच्या मांजराचा जन्मच मांदेली, सुकट आणि जवळ्यावर गेलेला. मासे हे मांजरांत ॲलर्जी आणणाऱ्या नेहमीच्या पदार्थांपैकी एक आहेत. तिच्यासाठी मासा म्हणजे नवं अन्न नव्हे, कदाचित तोच आरोपी. चिकनचंही तसंच. पथ्याचं म्हणून गाजलेलं चिकन कुत्र्यांच्या ॲलर्जीच्या यादीत गोमांस आणि दुधाच्या पाठोपाठ येतं, त्याच्या मागे गहू.

म्हणून आधी बसून लिहून काढायचं: याने जन्मापासून काय काय खाल्लंय? मटण कधी वाट्याला आलं नसेल तर मटण. नाहीतर बटेर किंवा बदक. सोबत भात किंवा उकडलेलं रताळं. काहीच उरत नसेल तर हायड्रोलाइज्ड खाद्य मिळतं. त्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते ओळखताच येत नाहीत. महाग पडतं, पण दहा डब्यांच्या कुत्र्याला बहुतेक तेच लागतं.

दाह जुना असेल तर बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्यावं. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. तो भाग खराब झाला की ते रक्तात उतरत नाही, आणि ते भरून काढेपर्यंत नुसत्या आहाराने प्रकृती सुधारत नाही.

कांदा, दूध, बेदाणा

आपल्या वाटणाचा जीवच कांदा-लसणात. अलिबागचा पांढरा कांदा गोड असला तरी जनावराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तोही फोडतो, आणि शिजवल्याने विष जात नाही. मांजराला किलोमागे ५ ग्रॅम कांदा बाधू शकतो. ३ किलोच्या मांजराचा हिशेब झाला १५ ग्रॅम. कुत्र्यात हे प्रमाण किलोमागे १५ ते ३० ग्रॅम. दूध मोठ्या मांजराला बहुधा पचत नाही, बशी चाटूनपुसून स्वच्छ केली तरी. मोदकातला बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जाऊ शकतो.

मांजराला उपाशी ठेवू नये

कुत्र्याचं एखादं जेवण चुकलं तर चालून जातं. मांजराने, विशेषतः जाड मांजराने, दोन-तीन दिवस तोंड लावलं नाही तर यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं. तिने नवं अन्न नाकारलं तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून वाट पाहू नये. शिवाय मांजराला टॉरिन मांसातूनच मिळतं. ते नसेल तर हृदय सैल पडत जातं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. दही-भातावर मांजर पोसणाऱ्या घरांना ही गोष्ट सांगावी लागते.

डबे बंद

नव्या अन्नाच्या चाचणीच्या काळात एक बिस्किटही चालत नाही. मांसाच्या चवीची जंताची गोळीही नाही. मालक हे पाळतो, शेजारी पाळत नाही. कुत्र्याच्या गळ्यात लाल फडकं बांधून ‘याला काही घालू नका’ असं कारखान्याच्या दारावर खडूने लिहिलं, तर निदान विचारणा तरी होते. जेवणाच्या सुट्टीत त्याला घरी बांधलेलं उत्तम.

पोट दोन-चार आठवडे शांत राहिलं की जुन्या पदार्थांतला एकेक परत द्यायचा. सोमवारी उकडलेल्या बांगड्याचा तुकडा, दुसरं काही नाही. गुरुवारपर्यंत शी पातळ झाली तर बांगडा बंद. नाही झाली तर पोट स्थिर ठेवून पुढच्या सोमवारी चिकन.