पेनाएवढं पापलेट

आम्ही वऱ्हाडातले लोक गोड्या पाण्याचे. मरळ, कतला यांवर आमचं भागतं. पापलेट म्हणजे पाहुण्यांसाठीचा मासा. मुंबईचा समुद्र अकोल्यापासून पाचशे किलोमीटरहून लांब. पण बर्फाच्या पेटीतून पापलेट इथवर येतं. गेली काही वर्षं मात्र पेटीत तळहातातही हरवतील अशी पिल्लं दिसतात. विक्रेता म्हणतो, "घ्या ना भाऊ, सस्त्यात देतो." आणि मी घेतही होतो.

या स्वस्ताईचा अर्थ मला उशिरा कळला. एवढ्या पापलेटानं एकदाही अंडी घातलेली नसतात. पालघरकडच्या सातपाटीसारख्या गावांची ओळखच पापलेटावर. तिथलेच मच्छीमार मासा घटल्याचं सांगत आले आहेत. खुंटाला बांधलेली डोल जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडून असतात. बारीक आसाच्या जाळ्यात बोंबील, जवळा येतो, तशी पापलेटाची पिल्लंही येतात. २०२३च्या सप्टेंबरमध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. मानानं मासा वाढत नाही म्हणा. पण त्याच नोव्हेंबरात शासनानं ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली, ते जास्त मोलाचं. पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची पावसाळी बंदी वेगळीच.

अशानं मासा खरंच परत येतो का? कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांचं उदाहरण पाहा. आपल्या कोकणातल्या हेकरूच्या कुळातला नासाऊ ग्रुपर तिथल्या प्रवाळखडकांत राहतो. एरवी एकेकटा. हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास मात्र बेटाभोवतीचे हजारो मासे एकाच जागी जमून अंडी घालतात. चंद्र पाहून सण ठरवणाऱ्या माझ्यासारख्याला या माशाबद्दल आपुलकी वाटली नाही तरच नवल! पण ती जागा कळली की मासा संपलाच. लिटल केमनजवळ २००१मध्ये असा सुमारे ७,००० माशांचा मेळावा सापडला; दोन हंगामांत जवळपास ४,००० मासे पकडले गेले. २००३मध्ये तिथली मासेमारी थांबवली. पहिली काही वर्षं फारसा फरक दिसेना. मोठं व्हायला या माशाला वर्षं लागतात, आणि वाचलेली पिढी वयात येईपर्यंत बंदी टिकवणं हेच सगळ्यात अवघड. ती टिकली. पंधरा वर्षांत संख्या तिपटीहून अधिक झाली. २०१६मध्ये तर डिसेंबर ते एप्रिल या मासा पकडण्यावर तिथं पूर्ण बंदी आली.

आपल्याकडे दोष सरसकट जाळ्यांवर टाकला जातो. मला ते पटत नाही. डोलवाल्याचं पोट त्याच जाळ्यावर आहे, आणि पिल्लू विकलं जातं ते माझ्यासारखे गिऱ्हाईक आहेत म्हणून.

माझ्या खिशातलं पेन साधारण १३५ मिलिमीटरचं आहे. मागच्या रविवारी ते मी पेटीतल्या एका पापलेटाशेजारी धरलं. मासा दोन बोटं कमी भरला. "कविता लिवता का त्याच्यावर?" विक्रेता हसला. मी कतला घेतला.