मातीच्या बांधाचे आयुष्य

पावसाळ्यात नाल्यावाटे वाहून जाणारे पाणी अडविण्याचे मातीचा लहान बांध हे एक अल्पखर्चाचे साधन आहे. परंतु बांध पुरा झाला की काम संपले, असे समजणे चुकीचे होय. बांधाचे आयुष्य जितके त्याच्या बांधणीवर, तितकेच वरच्या पाणलोटावर व तेथे गुरे चारणाऱ्या माणसांवर अवलंबून असते.

बांधणी व निगा

पायात कठीण थरापर्यंत चर खणून तो चिकण मातीने भरून घ्यावा. गाभ्यास चिकण माती व बाहेरून मुरूम वापरावा. मातीचे थर पातळ घालून, ते ओलसर करून धुमसाने ठोकावेत. सांडवा पुरेसा रुंद असावा. कारण पुराचे पाणी मातीच्या बांधावरून वाहू लागले की बांध फुटण्यास वेळ लागत नाही. बांधावर हरळी वाढू द्यावी, पण झाडे वाढू देऊ नयेत; त्यांची मुळे कुजली म्हणजे पाण्यास वाट मिळते. घुशी व खेकड्यांची बिळे पावसाळ्यापूर्वीच बुजवावीत.

इतके करूनही तलाव गाळाने भरला, तर सारे श्रम वाया जातात. या बाबतीत हरियाणातील शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या सुखोमाजरी गावाचा अनुभव मननीय आहे.

गाळ कोठून आला?

चंडीगड येथील सुखना तलाव १९५८ साली निर्माण झाला. परंतु थोड्याच वर्षांत तो गाळाने भरू लागला. मृद् व जलसंधारण संशोधन केंद्रातील श्री. पी. आर. मिश्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा पुष्कळसा गाळ सुखोमाजरीभोवतालच्या उघड्या टेकड्यांवरून येत असल्याचे आढळले. गावची शेती पावसाच्या भरवशाची होती. म्हणून लोक शेळ्या व गुरे टेकड्यांवर मोकाट सोडीत. गवत नाहीसे झाले आणि माती पाण्याबरोबर वाहून जाऊ लागली.

पाण्यात सर्वांचा वाटा

१९७६ साली गावाजवळ पहिला मातीचा बांध घालण्यात आला. साठलेल्या पाण्याने पिके वाचू लागली, तेव्हा खरा प्रश्न पुढे आला. ज्याची जमीन पाण्याखाली येत नव्हती किंवा ज्यास जमीनच नव्हती, त्याने आपली शेळी टेकडीवरून का आवरावी? धाकाने किंवा कुंपणाने हा प्रश्न सुटला नसता. म्हणून भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबास पाण्यात समान वाटा देण्यात आला. ज्यास शेती नव्हती, त्यास आपला वाटा दुसऱ्यास देऊन मोबदला घेता येई. पाण्यात सर्वांचे हित गुंतल्यामुळे ग्रामस्थांनी स्वतःच चराई बंद केली. कालांतराने टेकड्यांवर गवत वाढले, मातीची धूप पुष्कळ घटली, शेळ्या कमी झाल्या आणि गोठ्यात बांधून पोसलेल्या म्हशी वाढल्या.

ग्रामसेवकांसाठी

बांधाची जागा आखण्यापूर्वी ग्रामसभा बोलवावी. पाणी कोणास, किती व कोणत्या क्रमाने मिळेल, हे तेथेच ठरवून लिहून ठेवावे. ज्यांची गुरे वरच्या माळावर चरतात, त्यांस या सभेत प्रथम स्थान द्यावे आणि चाऱ्याची सोय झाल्यावाचून चराईबंदी लादू नये. ज्या माणसास बांधाच्या पाण्याचा घोटही मिळत नाही, तो पाणलोटाची राखण करील, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होय.