साठेखत झाले म्हणजे घर नावावर झाले का?

नाही. साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार असतो, तर खरेदीखत म्हणजे प्रत्यक्ष विक्री. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार नुसत्या साठेखताने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या ‘विक्री’नेही मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठामपणे सांगितले. तरीही अशा कागदांवर आयुष्यभराची पुंजी टाकणारे आजही भेटतात, ही खरी काळजीची बाब आहे.

महाराष्ट्रात जुने घर घेताना सूची क्रमांक २, म्हणजे ‘इंडेक्स टू’, नीट वाचावा. त्यात लिहून देणारा, लिहून घेणारा, मोबदला, क्षेत्रफळ, दस्त क्रमांक असे सारे एका पानावर असते. विक्रेत्याचे नाव आणि सदनिकेचा क्रमांक मूळ दस्ताशी अक्षरशः जुळायला हवा. मिळकतीच्या जुन्या दस्तनोंदींचा वकील साधारण तीस वर्षांपर्यंत मागे जाऊन शोध घेतात.

विक्रेता मूळ दस्ताऐवजी झेरॉक्स दाखवत असेल, तर मूळ प्रत बहुधा बँकेकडे तारण असते. अशा वेळी बँकेचे थकबाकीपत्र मागावे आणि तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. कर्ज दुसऱ्या बँकेत नेतानाही मूळ कागदांची यादी सही-शिक्क्यानिशी घ्यावी.