विश्लेषण : द्राक्षांतील रेस्व्हेराट्रॉल कर्करोगावर खरेच गुणकारी?

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधील संशोधकांनी शंभर रुपयांच्या एका गोळीविषयी माहिती दिली आणि ‘कर्करोग पुन्हा होऊ न देणारी गोळी’ म्हणून ती बातमी मोबाइलवर सर्वदूर फिरली. गोळीतील मुख्य घटक होता रेस्व्हेराट्रॉल. तो द्राक्षाच्या सालीत असतो एवढे कळताच द्राक्षे, मनुका, रेड वाईन असे सगळेच समाजमाध्यमांवर ‘कर्करोगनाशक’ ठरले.

रेस्व्हेराट्रॉल म्हणजे काय?

ते वनस्पतीचे स्वसंरक्षणाचे हत्यार आहे. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांची झोप उडवणाऱ्या केवड्यासारख्या बुरशीचा हल्ला झाला की द्राक्षवेल ते तयार करते. शेंगदाणे आणि तुतीतही ते आढळते.

कर्करोगाशी संबंध कधी जोडला गेला?

१९९७ मध्ये. शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठातील जॉन पेझुटो आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला. पेशी बिघडणे, बिघडलेल्या पेशी वाढणे आणि गाठ पसरणे या तिन्ही टप्प्यांवर हे संयुग अडथळा आणते, असे त्यात दिसले. उंदरांच्या त्वचेवरील गाठीही कमी झाल्या. त्यानंतर या संयुगावर संशोधनाचा पाऊसच पडला आणि पूरक गोळ्यांची बाजारपेठ उभी राहिली.

माणसात काय दिसले?

इथेच घोडे अडले. तोंडावाटे घेतलेले रेस्व्हेराट्रॉल शोषले चांगले जाते, पण आतडे आणि यकृत त्याचे झपाट्याने रूपांतर करतात. मूळ स्वरूपात रक्तात पोहोचते ते एक टक्क्याहूनही कमी. प्रयोगशाळेतील बशीत पेशींना मिळणारी मात्रा शरीरातील गाठीला मिळेलच असे नाही.

मग मात्रा वाढवली तर? मल्टिपल मायलोमाच्या रुग्णांना दररोज पाच ग्रॅम देऊन पाहिले गेले. काहींची मूत्रपिंडे निकामी झाल्याने ती चाचणी २०१० मध्ये थांबवावी लागली. याउलट, ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठाच्या गटाला २०१५ मध्ये उंदरांत मोठ्या मात्रेपेक्षा कमी मात्रा अधिक परिणामकारक ठरल्याचे आढळले. आहारातून मिळणाऱ्या रेस्व्हेराट्रॉलचे काय? इटलीतील कियांती या वाईनच्या प्रदेशात ६५ वर्षांवरील ७८३ जणांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात ते जास्त होते, त्यांच्यात कर्करोग वा मृत्यूचे प्रमाण कमी आढळले नाही.

टाटाची गोळी वेगळी कशी?

डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाची मांडणी अशी : मरणाऱ्या पेशींतून, अगदी केमोथेरपीने मारलेल्या पेशींतूनही, डीएनएचे तुकडे बाहेर पडतात. ते निरोगी पेशींत शिरून त्यांचे नुकसान करतात. रेस्व्हेराट्रॉल आणि अत्यल्प तांबे एकत्र आले की तयार होणारे ऑक्सिजनचे क्रियाशील कण हे तुकडे नष्ट करतात. ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून विकले जाणारे संयुग इथे नेमके उलटे काम करते, हे विशेष. मात्राही ग्रॅममध्ये नाही, काही मिलिग्रॅमच आहे.

बातमी पुढे पाठवताना एक तपशील मात्र गळाला. उपचारांचे दुष्परिणाम कमी होतात का, हे माणसांवर तपासले गेले होते. कर्करोग उलटणे रोखण्याचा प्रयोग तेव्हा फक्त प्राण्यांवर झाला होता. माणसांवरील चाचण्यांना सुमारे पाच वर्षे लागतील, असे डॉ. राजेंद्र बडवे यांनी त्याच वेळी सांगितले होते. बहुतेकांच्या मोबाइलवर पोहोचला तो केवळ मथळा.

मग रेड वाईन?

एक लिटर वाईनमध्ये साधारण दोन-चार मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल असते. चाचण्यांतील एक ग्रॅम मात्रा गाठायला शेकडो लिटर लागतील. शिवाय मद्य हे स्वतःच कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था १९८८ पासून सांगत आहे. द्राक्षे फळ म्हणून खायला हरकत नाही. मधुमेहींनी साखरेकडे लक्ष ठेवावे.

दुकानात वा ऑनलाइन मिळणाऱ्या रेस्व्हेराट्रॉलच्या गोळ्या म्हणजे टाटाची गोळी नव्हे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाने अशी कोणतीही गोळी घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगावे आणि सुरू असलेले उपचार थांबवू नयेत.