पायांना भिंगरी लागलेल्या मुली

आमच्या घरावर सध्या जपानचे राज्य आहे. युद्ध झाले नाही, तह झाला नाही. संध्याकाळी शाळेची दप्तरे भिंतीशी आदळली की हे राज्य सुरू होते आणि रात्रीची पाने घेईपर्यंत चालते. माझी धाकटी मुलगी आणि शेजारच्या तिच्या दोन मैत्रिणी ही त्याची प्रजा. राज्यकर्त्या आहेत चित्रांतल्या मुली. कपाळाएवढे डोळे, डोक्यावर कोणाचे न ऐकणारी एक उभी बट, आणि पायांना भिंगरी. या मुली चालत नाहीत, धावतात. दार उघडत नाहीत, दारावर आदळतात. आनंद झाला तर शेजारीपाजारी सगळ्यांना कळलाच पाहिजे असा त्यांचा बाणा. शाळेला उशीर ठरलेला, म्हणून तोंडात भाजलेल्या पावाचा तुकडा धरून भर रस्त्यातून सुसाट सुटतात. (आमच्या कॉलेज रोडवर सकाळी हेच दृश्य तूप-साखरेच्या पोळीच्या सुरळीसह दिसते. रिक्षावाले काका भोंगा वाजवीत असतात, एवढाच काय तो फरक.)

चित्रकला किंवा चित्रपट हा माझा विषय नव्हे. मी मराठी शिकवते. पण या मुलींच्या जातीला जपानीत एक नाव आहे असे धाकटीने मला एकदा पोळ्या लाटताना सांगितले, आणि शब्द आला म्हणजे तो माझ्या हद्दीत आला. शब्द आहे ‘गेन्की’. अशा मुलीला तिकडचे रसिक ‘गेन्की मुलगी’ म्हणतात. तो आज ज्या दोन चिन्हांनी लिहितात त्यांतले पहिले ‘मूळ’ या अर्थाचे आणि दुसरे ‘प्राण’ किंवा ‘वृत्ती’ या अर्थाचे. मौज अशी, की रस्त्यात ओळखीचे माणूस भेटले की जपानी लोक हाच शब्द वापरून विचारतात, ‘ओ-गेन्की देस् का?’ म्हणजे, बरे आहात ना? तब्येत ठीक? एकच शब्द प्रकृतीच्या चौकशीला आणि उड्या मारणाऱ्या पोरीला. उड्या मारणे हे तिथे, निदान भाषेपुरते तरी, निरोगीपणाचे लक्षण ठरले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्याच्या मधोमध रेघ ओढली. एका बाजूला अशा मुलासाठी घरात वापरतात ते शब्द, दुसऱ्या बाजूला अशा मुलीसाठी. मुलाच्या बाजूला हूड, खोडकर, द्वाड, व्रात्य आणि वर ‘अगदी बाळकृष्ण हो!’ मुलीच्या बाजूला आगाऊ, धसमुसळी, उंडगी, भवानी, आणि मागच्या बाकावरून दबक्या आवाजात ‘घोडी’. शब्दांची गरिबी नव्हती, खडू संपला. पण डावीकडचे शब्द आई हसत हसत उच्चारते आणि उजवीकडचे उच्चारताना ती दाराकडे पाहते, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. मुलगी चपळ आहे, उत्साही आहे, आणि ते चांगले आहे, असे एका शब्दात सांगायचे तर काय म्हणाल? ‘टुणटुणीत’ हा शब्द एका मुलीने सुचवला. वर्ग हसला. मला मात्र तो फार आवडला. पण तो आपण वापरतो आजारातून उठलेल्या आजोबांसाठी!

आता त्या चित्रांतल्या मुलींकडे वळू. त्यांची मुकुटमणी म्हणजे अकिरा तोरियामा यांची आराले. १९८० साली ‘डॉक्टर स्लम्प’ या चित्रमालेत ती अवतरली. मोठा चष्मा, दोन्ही हात पंखासारखे पसरून विमानासारखी धाव, आणि अंगात इतके बळ की एका गुद्द्यात पृथ्वीचे दोन तुकडे. मनात कपट नावाला नाही. पृथ्वी फुटली याचे तिला वाईट वाटत नाही, गंमत वाटते. पाहणाऱ्यालाही गंमतच वाटते, कारण तिचा वेग हाच तिचा विनोद आहे.

या वेगामागे कारागिरांचा हिशेबही आहे. चित्रपट म्हणजे सेकंदाला चोवीस चौकटी. प्रत्येक चौकटीला नवे चित्र काढायचे तर कंपनीचे दिवाळे वाजेल. म्हणून १९६३ साली ओसामु तेझुका यांनी दूरदर्शनसाठी ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका काढताना एकच चित्र तीन-तीन चौकटींना वापरले, बोलताना फक्त ओठ हलवले, बाकीचे शरीर थिजलेले ठेवले. बसणे-बोलणे असे स्वस्तात उरकायचे आणि वाचलेली चित्रे एखाद्या उडीवर उधळायची, ही पद्धत तिथे रूढ झाली. अशा अर्धवट स्थिर जगात जिवंतपणा आणायचा तर डोळे मोठे हवेत, हावभाव एकदम पालटायला हवेत, आणि कोणीतरी मधूनच चौकट फोडून धावत सुटायला हवे. काटकसरीच्या संसारात दिवाळीचा एक दिवस हात सैल सोडावा, तशी ही मुलगी.

पण म्हणून जपान म्हणजे मुलींचे नंदनवन असे कोणी समजू नये. ‘सुगृहिणी आणि सुज्ञ माता’ हे मेइजी काळापासूनचे सरकारी ब्रीद तिकडचेच. धसमुसळ्या मुलीला ‘ओतेंबा’ म्हणून टोचणारा शब्दही तिकडचाच. आणि गेली वीसेक वर्षे आपल्या घराघरांत हिंदी बोलणारी जी जपानी मंडळी ठाण मांडून बसली, त्यांत पाहा: डोरेमॉनचा नोबिता मुलगा, शिनचॅन मुलगा, हातोडी मुलगा. डोरेमॉनमधली मुलगी कोण? शिझुका. अभ्यासू, नीटनेटकी, व्हायोलिन वाजवणारी. तिच्या नावाचा अर्थच ‘शांत’! शेकडो यंत्रे खिशातून निघतात, पण त्यांवर उड्या मारायचा पहिला मान तिचा नाही. आपल्याकडेही ताम्हनकरांनी ‘चिंगी’ लिहिली, पण घरोघर नाव राहिले ते गोट्याचे, आणि भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून जी जी साहसे करून आला, ती करायला त्याच्या बहिणीला कोणी सायकल दिली असती की नाही, कोण जाणे.

मला या सगळ्यात एक गोष्ट दिसते. मुलीला धावू द्यायचे तर कथाकाराला तिच्यासाठी परवाना काढावा लागतो. तेझुकांनी १९५३ साली ‘रिबनचा सरदार’ ही चित्रकथा सुरू केली. त्यातल्या राजकन्या सफायरला जन्मतः दोन हृदये, एक मुलाचे आणि एक मुलीचे. ती राजपुत्राच्या वेषात तलवार चालवते. तेझुकांचे बालपण ताकाराझुका या गावी गेले, जिथल्या नाटकमंडळीत पुरुषांच्या भूमिकाही मुलीच करतात. म्हणजे परवाना पहिला: राजपुत्राचा पोशाख. आरालेला पोशाखाची गरज नाही, पण ती माणूसच नाही. शास्त्रज्ञाने बनवलेली ती यंत्रमानव. परवाना दुसरा. पुढे १९९१च्या ‘सेलर मून’मधली उसागी रडूबाई आणि झोपाळू, तिला धावायला चंद्राची दैवी शक्ती. आणि २००३ साली कादंबरीतून आलेली हारुही सुझुमिया, परग्रहवासी शोधायला मंडळ काढून सगळ्या शाळेला वेठीस धरणारी, तिची कथा सांगतो कोण? तिच्यामागे फरपटत जाणारा एक कंटाळलेला मुलगा. इथून पुढे हा साचाच पडला. मरगळलेल्या मुलाला जागे करायला एक उड्या मारणारी मुलगी. असली कित्येक चित्रे मी धाकटीच्या शेजारी बसून पाहिली. त्यांत आरडाओरडा पुष्कळ आणि मुलगी कुठेच नाही. उदबत्ती जळते, सुगंध दुसऱ्याच्या देवघराला.

अपवाद जुन्यात सापडतो. एप्रिल १९४६ मध्ये जपानी स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केले, आणि त्याच महिन्यात फुकुओकाच्या एका वृत्तपत्रात माचिको हासेगावा या तरुणीने ‘साझाए-सान’ ही चार चौकटींची चित्रमाला सुरू केली. साझाए धांदरट, मोठ्याने हसणारी, नवऱ्यालाही न घाबरणारी. राखरांगोळी झालेल्या, शिधापत्रिकेवर जगणाऱ्या देशाला ती आवडली. १९६९ पासून ती दूरदर्शनवर दर रविवारी येते आहे. आपल्या चिमणरावांच्या घरात कारभार काऊच्या हाती गेला असता आणि काऊला भिंगरी लागली असती, तर जसे झाले असते तसे ते घर.

दुसरा अपवाद मियाझाकींच्या १९८८च्या ‘तोतोरो’ या चित्रपटातल्या दोघी बहिणी. चार वर्षांची मेई आणि थोरली सात्सुकी नव्या घरात शिरतात त्या कोलांट्या मारीतच. आई इस्पितळात आहे. थोरली डबे भरते, धाकटीच्या वेण्या घालते आणि धावता धावता हसते. इस्पितळातून तार येते तेव्हा ही शहाणी मुलगी शेजारच्या आजीसमोर एकदम हमसून रडते. तिचा सगळा उत्साह हा बांध होता हे तेव्हा कळते. आणि मेई? ती आईला द्यायला मक्याचे कणीस छातीशी धरून एकटीच इस्पितळाच्या वाटेला लागते. त्या कणसापाशी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठून गेले.

हे मी का सांगते आहे? माझी धाकटी आता बारा वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिच्या प्रगतिपुस्तकात शेरा आला, ‘हुशार आहे, पण फार चुळबुळ करते. घरी समज द्यावी.’ सासूबाई म्हणाल्या, “अगं, वयच आहे तिचं.” शेजारच्या काकू म्हणाल्या, “वय झालंय म्हणून तर!” समज कोणी दिली मला ठाऊक नाही, मी तरी दिली नाही. पण हल्ली ती जिना चालत उतरते. पूर्वी तीन-तीन पायऱ्या गाळून यायची आणि खालचे मजलेवाले तक्रार करायचे. आता तक्रार येत नाही. पडद्यावरच्या मुली मात्र पूर्वीइतक्याच धावतात आणि ती मांडी घालून त्यांच्याकडे पाहते.

म्हणून मी तिच्या हाती ‘तोत्तोचान’ दिले. तेत्सुको कुरोयानागी यांच्या बालपणीची ही कहाणी १९८१ची. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेले मराठी भाषांतर नॅशनल बुक ट्रस्टने काढले, आणि ते आपल्याकडे शिक्षकांच्या व पालकांच्या हातांत फिरत राहिले. इथे परवाना नाही. पोशाख नाही, यंत्र नाही, चंद्र नाही. एक खरीखुरी मुलगी वर्गात बाकाचे झाकण सारखे उघडते-मिटते, खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते, आणि पहिल्याच इयत्तेत तिला शाळेतून काढून टाकतात. आई तिला हे सांगत नाही. पुढे वीस वर्षांची झाल्यावर सांगते. नवी शाळा आगगाडीच्या डब्यांत भरते. तिथले मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी पहिल्या दिवशी खुर्ची ओढून बसतात आणि त्या मुलीचे बोलणे सलग चार तास ऐकतात. चार तास! मी वीस वर्षे शिकवते आहे. मी कोणाचे चाळीस मिनिटे ऐकले असेन, तर ते तास चाळीस मिनिटांचा असतो म्हणून. ती शाळा १९४५ साली बाँबहल्ल्यात जळाली. डिसेंबर २०२३ मध्ये या पुस्तकावर जपानात चित्रपट निघाला, आणि तो काढला डोरेमॉन काढणाऱ्या कंपनीनेच. शांत शिझुका आणि खिडकीतली तोत्तो एकाच कारखान्यात रंगल्या!

आणि नाशिककरांनी या बाबतीत जपानकडेच पाहत राहावे असेही नाही. इथून जवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेली मनकर्णिका गोखले, म्हणजे लक्ष्मीबाई टिळक, मीठ-साखरसुद्धा धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या घरात वाढली, अकराव्या वर्षी सासरी गेली, आणि उतारवयात तिने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्या पानांतली मुलगी कोणाच्या सोवळ्याला भ्यालेली नाही. आमच्या कादंबरीकारांना जी सापडली नाही, ती तिने स्वतःच्या आठवणींतून काढून दाखवली.

दादासाहेब फाळके तर त्र्यंबकेश्वरचेच. वाटाणा कुंडीत पेरून रोज त्याचे चित्र टिपणारे, १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवणारे, जपानी चित्रगृहांत तिथली पहिली हलती चित्रे झळकली त्याच्या दोन वर्षे आधी. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्रा’त त्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नाही, साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले. सहाच वर्षांनी, १९१९ साली, नाशिकच्या त्यांच्या कंपनीने ‘कालियामर्दन’ काढला, आणि त्यात कृष्ण झाली त्यांची सातएक वर्षांची लेक मंदाकिनी. लोण्याची चोरी, खोड्या, डोहात उडी, नागाशी झुंज, सगळे तिने केले. परवाना देवाचा होता, पोशाख मुलाचा होता. चित्रपटाचा बराचसा भाग शिल्लक आहे. तो कृष्णापासून सुरू होत नाही. आधी पडद्यावर नुसता तिचा चेहरा येतो. ती हसते, रागावते, घाबरते, पुन्हा हसते. आवाज नाही, संवाद नाही, मुकुट नाही. आणि मग त्या चेहऱ्यातून हळूहळू कृष्ण उमटू लागतो.