गाडीच्या विम्यात घासाघीस कुठे करावी?

गाडी जुनी होते, तिची किंमत दरसाल उतरते आणि विम्याचा हप्ता मात्र चढतो. हा कुठला न्याय, असे आपण एजंटाला विचारता. "कंपनीनेच वाढवला," असे म्हणून तो पाच-सातशे रुपये कमी करून देतो. आपण खुशीत सही करता. पण वाचकहो, ते पाच-सातशे कशातून कमी झाले, हे कधी पाहिले आहे काय?

हप्त्याच्या कागदावर दोन मुख्य आकडे असतात. पहिला तिऱ्हाइताच्या विम्याचा, ज्याला आपण थर्ड पार्टी म्हणतो. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली वा कोणी दगावले, तर त्याची भरपाई यातून होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा आहे. त्याचा दर केंद्र सरकार ठरवते. जून २०२२ मध्ये एक हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी मोटारीला तो ३,४१६ रुपये ठरला. हा आकडा सगळ्या कंपन्यांत सारखाच, तेव्हा तिथे दहा दारे हिंडून उपयोग नाही.

दुसरा आकडा आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. पूर्वी हाही सगळीकडे एकच असे. १ जानेवारी २००७ पासून मात्र कंपन्यांना तो आपापला ठरवायची मोकळीक मिळाली. त्याच गाडीला, त्याच गावात, दोन कंपन्या निराळे आकडे सांगतात ते यामुळे. बाजार फिरायचा तो इथे. मुदत संपायच्या महिनाभर आधी तीन-चार ठिकाणी विचारावे. जुन्या कंपनीलाही दुसरीचा आकडा दाखवावा. पुष्कळदा ती उतरते. दोन्ही आकड्यांवर १८ टक्के जीएसटी पडतो, तो धरूनच तुलना करावी.

मात्र तुलना सारख्याची सारख्याशी हवी. गाडी चोरीला गेली वा पुरती मोडली, तर कंपनी जी किंमत धरते तिला आयडीव्ही म्हणतात. हप्ता कमी दाखवायचा सोपा उपाय म्हणजे ही किंमतच खाली आणणे. एकीने तीन लाख धरली आणि दुसरीने दोन लाख चाळीस हजार, तर दुसरीचा हप्ता हलका दिसणारच. गाडी गेली की साठ हजारांची झळ आपल्याला. पहिल्या पाच वर्षांत घसारा साधारण ठरलेला असतो, पाचव्या वर्षी तो निम्म्यावर येतो. त्यापुढे किंमत मालक आणि कंपनी मिळून ठरवतात. तिथे आपण बोलावे.

बोनसचेही तसेच. वर्षभर दावा केला नाही, तर पुढच्या वर्षी आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात वीस टक्के सूट मिळते. ती पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस अशी वाढत पन्नासपर्यंत जाते. एक दावा केला की सगळी जाते. समजा हा हप्ता सहा हजार आहे आणि पन्नास टक्के सुटीमुळे आपण तीन हजार भरता. बैलगाडी घासली, दार चेपले, गॅरेजवाल्याने अडीच हजार सांगितले. दावा केला तर सक्तीचे एक हजार वजा होऊन हातात पडतात फार तर पंधराशे. पुढच्या वर्षी तीन हजार जास्त जातात, त्याच्या पुढच्या वर्षी अठराशे. पंधराशेसाठी अठ्ठेचाळीसशे! असे दार खिशातूनच ठोकून घ्यावे.

कंपनी बदलली तरी बोनस जात नाही, कारण तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुन्या कंपनीकडून तसा कागद घ्यावा. मात्र दावा केलेला असताना "केला नाही" असे एजंटाला लिहू देऊ नये. नवी कंपनी जुनीकडे चौकशी करते आणि नेमक्या नुकसानीच्या वेळी दावा अडतो. मुदत संपून नव्वद दिवस उलटले, की बोनस आपोआप बुडतो.

गाडी फार जुनी असेल, तर नुसता थर्ड पार्टी काढायला हरकत नाही. पण त्यात आग, चोरी, पूर यांचे काही मिळत नाही, हे नदीकाठच्या घरांनी ध्यानात घ्यावे. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीकडे पाणी कुठवर चढले होते ते आठवा. (पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहू नये. त्याने इंजिन बसते, आणि ते नुकसान साध्या विम्यात बहुधा धरत नाहीत.)

आता बचतीची एक वाट, जी फारसे कोणी सांगत नाही. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा प्रत्येक पॉलिसीत घालतात. तो स्वतंत्रही मिळतो, आणि जीप व मोटारसायकल एकाच नावावर असतील तर एकदा काढला की पुरतो.

आणि जिथे पैसे वाचवूच नयेत, ती जागा म्हणजे गाडीचा वापर. खासगी जीप म्हणून विमा काढायचा आणि बाजाराच्या दिवशी भाड्याने माणसे भरायची. शेतीचा ट्रॅक्टर म्हणून विमा काढायचा आणि दुसऱ्याच्या विटा वाहायच्या. ट्रॉलीचा विमाच काढायचा नाही. हप्ता वाचतो खरा. पण अपघातात कोणी दगावले, की कंपनी म्हणते, अटी मोडल्या. मग कोर्ट एक तर मालकालाच भरपाई द्यायला लावते, किंवा कंपनीला आधी भरायला लावून ती रक्कम मालकाकडून वसूल करू देते. ही भरपाई कायद्याने जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होऊ शकते. म्हणजे गोष्ट सातबारापर्यंत येते. गाडीचा जो वापर होतो, तोच एजंटाला सांगावा आणि तसाच कागदावर लिहून घ्यावा.

कंपनीने दावा नाकारला, तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईला आणि पुण्याला आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र वर्षाच्या आत जावे, आणि पॉलिसी, पावती व कंपनीचे पत्र यांच्या प्रती सोबत न्याव्यात.